मुंबईचा लोकनिर्मित डिजिटल नकाशा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावर मुंबईची नोंद करू इच्छिणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे दोन ओळींत संपतात, काही लांबतात. मुंबईत काही गोष्टी नोंदवणे अगदी सोपे आहे आणि काही गोष्टींवर जुन्या कार्यकर्त्यांचेही एकमत झालेले नाही, एवढेच त्याचे कारण.

हा नकाशा नेमका काय आहे आणि त्याची मालकी कोणाकडे आहे?

ओपनस्ट्रीटमॅप हा प्रकल्प स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केला. त्या काळी तिथल्या सरकारी सर्वेक्षण संस्थेची नकाशांची माहिती शुल्क भरल्याशिवाय आणि वापराच्या अटी मान्य केल्याशिवाय मिळत नसे. लोकांनीच रस्ते फिरून माहिती गोळा करावी आणि ती कोणालाही वापरू द्यावी, ही कल्पना त्यातून पुढे आली. स्क्रीनवर दिसणारे रंगीत चित्र हा या प्रकल्पाचा वरवरचा भाग आहे. खरा ऐवज त्यामागच्या माहितीत, म्हणजे प्रत्येक रस्ता, इमारत, नाला, पूल आणि बसथांबा यांच्या अक्षांश-रेखांशासह केलेल्या नोंदींत आहे. त्याच माहितीतून कोणी सायकलस्वारांचा नकाशा काढतो, तर कोणी पाणी साचण्याचा अभ्यास करतो.

प्रकल्पाचे सर्व्हर आणि कायदेशीर बाबी २००६ मध्ये स्थापन झालेले ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन सांभाळते. कोणत्या गल्लीचे काय नाव लिहायचे, हे मात्र ते ठरवत नाही. सप्टेंबर २०१२ पासून ही माहिती ओपन डेटाबेस लायसन्सखाली उपलब्ध आहे. ती विनामूल्य वापरता येते, त्यावर व्यवसायही करता येतो. श्रेय 'ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते' यांना द्यावे लागते आणि माहितीत भर घालून ती प्रसिद्ध केली, तर ती भरही त्याच परवान्याखाली खुली ठेवावी लागते.

गुगलचा नकाशा प्रत्येकाच्या फोनमध्ये असताना वेगळा नकाशा कशासाठी?

रिक्षाने अंधेरीहून पवईला जायचे असेल, तर कोणताही चांगला नकाशा चालेल आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. प्रश्न येतो तो माहिती परत मागण्याच्या वेळी. गुगलने २००८ मध्ये 'मॅप मेकर' नावाची सोय सुरू केली होती. भारतातल्या पुष्कळ लोकांनी मोठ्या हौसेने तिथे आपापल्या गावातल्या आणि वस्तीतल्या गल्ल्या काढून दिल्या. २०१७ मध्ये ती सोय बंद झाली. लोकांनी दिलेली माहिती कंपनीच्या नकाशात राहिली. पण ज्यांनी ती दिली त्यांना ती संपूर्ण उतरवून घेऊन आपल्या वॉर्डाचा, आपल्या शाळेच्या परिसराचा किंवा आपल्या वस्तीतल्या नळांचा नकाशा काढण्याचा हक्क कधीच नव्हता. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये हा हक्क पहिल्या दिवसापासून आहे. कुर्ल्यातल्या एखाद्या मंडळाला आपल्या भागातली सार्वजनिक शौचालये, त्यांच्या वेळा आणि तिथे स्त्रियांसाठी सोय आहे की नाही, ही माहिती लागली, तर ती कोणाची परवानगी न घेता उतरवता येते. ती अपुरी असल्यास त्याच दिवशी भरताही येते.

दुसरे कारण विषयांच्या निवडीचे आहे. पाणपोई, पायऱ्यांचा पूल, व्हीलचेअर चढेल असा उतार, कचऱ्याचा डबा, स्मशानभूमी, मासळी बाजार, तालीम या गोष्टींना व्यापारी नकाशात फारशी जागा नसते, कारण त्यांतून कोणाचा धंदा होत नाही. येथे काय नोंदवायचे हे नोंदवणारा ठरवतो. नव्याने आलेल्यांना आमची एकच सूचना असते : मॉल आणि कॅफे कोणीतरी टाकेलच, तुम्ही आधी तुमच्या परिसरातली पायवाट आणि शौचालय टाका.

सुरुवात कशी करावी? तांत्रिक ज्ञान लागते का?

ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर खाते उघडावे आणि ब्राउझरमध्येच चालणारा 'आयडी' हा संपादक, म्हणजे नकाशात बदल करण्याचे साधन, वापरावा. त्यात पहिल्या वेळी शिकवणीही असते. फोनवरून काम करायचे असल्यास अँड्रॉइडवरचे 'स्ट्रीटकम्प्लीट' सर्वांत सोपे आहे. ते आपण उभे आहोत तिथल्या अपुऱ्या नोंदींबद्दल साधे प्रश्न विचारते, जसे या इमारतीला मजले किती, हा रस्ता एकेरी आहे का, या बसथांब्यावर छप्पर आहे का, आणि मिळालेले उत्तर आपोआप योग्य जागी भरते. दुकाने आणि दवाखाने भराभर नोंदवण्यासाठी 'एव्हरी डोअर' बरे पडते. मोठे काम करणारे लोक पुढे संगणकावरच्या 'जोसम'कडे वळतात; पहिल्या महिन्यात त्याच्या वाटेला जाण्याची गरज नाही.

नोंद कोणत्या स्वरूपात होते?

सगळा नकाशा तीनच घटकांवर उभा आहे : बिंदू, रेषा आणि संबंध. पाणपोई हा बिंदू, रस्ता ही रेषा आणि इमारत ही स्वतःशी येऊन मिळणारी बंद रेषा. 'संबंध' हा प्रकार अनेक घटकांना एकत्र बांधतो. बेस्टचा एखादा बसमार्ग डझनावारी रस्त्यांच्या तुकड्यांतून आणि थांब्यांतून जातो, म्हणून तो संबंध या स्वरूपात नोंदवला जातो. मध्ये चौक असलेली चाळही तशीच नोंदवतात : बाहेरची रेषा वेगळी, आतल्या चौकाची वेगळी.

प्रत्येक घटकाला टॅग जोडले जातात. टॅग म्हणजे गुणधर्म आणि त्याचे मूल्य यांची जोडी, उदाहरणार्थ 'हायवे' बरोबर 'स्टेप्स' म्हणजे पायऱ्या. प्रत्यक्षात हे टॅग इंग्रजी अक्षरांत लिहावे लागतात. 'आयडी' संपादकात मात्र बहुतेक वेळा ते पाठ करावे लागत नाहीत, कारण यादीतून प्रकार निवडला की टॅग आपोआप लागतो. मुंबईत मनाईचे टॅग विशेष महत्त्वाचे ठरतात. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर दुचाकींना बंदी आहे. अटल सेतूवर दुचाकी आणि तीनचाकी दोन्ही चालत नाहीत. हा तपशील राहिला, तर मार्ग सुचवणारे अ‍ॅप मोटारसायकलस्वाराला नेमके तिकडेच पाठवते.

उपग्रहचित्र पाहून घरबसल्या सगळे काढता येत नाही का?

रस्त्यांची मुख्य चौकट, मोठ्या इमारती, तलाव, मैदाने आणि रेल्वेमार्ग बऱ्याच अंशी काढता येतात. मुंबईच्या नकाशाचा मोठा भाग याच पद्धतीने तयार झाला आहे. मात्र या पद्धतीच्या मर्यादा मुंबईत लवकर गाठल्या जातात.

पहिली अडचण दाट वस्त्यांची आहे. धारावीत, गोवंडीत किंवा भांडुपच्या डोंगरउतारावर घराचा वरचा मजला गल्लीवर पुढे आलेला असतो, समोरच्या घराचाही तसाच येतो, आणि दोन्हींमध्ये उरलेल्या हातभर आकाशावर पत्रा किंवा निळी ताडपत्री असते. वरून पाहणाऱ्याला तिथे सलग छप्पर दिसते. खाली मात्र रोज शेकडो माणसे जा-ये करतात आणि त्यांच्या पायाखालून गटारही वाहत असते. गल्ली कुठून आत शिरते, कुठे वळते, कुठे भिंतीला जाऊन संपते, हे तिथे चालून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यातही दुर्दैव असे की ज्या गल्ल्यांत रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दल पोहोचायला सर्वांत जास्त अडचण येते, त्याच गल्ल्या चित्रात दिसत नाहीत.

दुसरी अडचण उंचीची आहे. उपग्रह बहुधा थोडा तिरका पाहतो, त्यामुळे लोअर परळच्या चाळीस मजली टॉवरचे छप्पर त्याच्या पायापासून बरेच सरकलेले दिसते. नवखा माणूस छपराभोवती रेषा काढतो आणि इमारत शेजारच्या रस्त्यावर जाऊन बसते. रेषा नेहमी पायाभोवती काढावी. छप्पर काढणे सोपे वाटले, तर ते काढून झाल्यावर संपूर्ण आकार पायावर आणून ठेवावा. संपूर्ण चित्रच काही मीटर बाजूला बसवलेले असणे हीही नेहमीची गोष्ट आहे. एकाच भागात एकाने एका चित्रावरून आणि दुसऱ्याने दुसऱ्यावरून काम केले, की रस्ते एकमेकांना न मिळता शेजारी शेजारी धावू लागतात. जुन्या, तपासलेल्या नोंदींशी चित्र जुळवून घेतल्याशिवाय नवे काम सुरू करू नये.

फोनच्या जीपीएसवर या सगळ्याची भिस्त ठेवता येत नाही. शिवाजी पार्कच्या मोकळ्या मैदानात फोन साधारण पाच मीटरपर्यंतच्या अचूकतेने जागा सांगतो. काळबादेवीच्या उंच इमारतींमध्ये मात्र संकेत भिंतींवरून परावर्तित होऊन येतात आणि आपला माग शेजारच्या गल्लीत गेलेला दिसतो. मीटरभर रुंदीच्या गल्लीसाठी पाच मीटरची चूक निरुपयोगी आहे. तिथे कागदच कामाला येतो. त्या भागाचा आहे तसा नकाशा छापून घ्यावा, ओळखीच्या कोपऱ्यापासून पावले किंवा दारे मोजत जावे, वळणे पेन्सिलीने काढावीत आणि घरी येऊन ती चित्रावर बसवावीत. पद्धत जुनाट वाटते, पण दाट वस्तीत आजही तिच्याइतका भरवसा दुसऱ्या कशाचा नाही.

वस्तीत नोंदणी करताना लोक हरकत घेतात. काय करावे?

हरकत घेण्याला त्यांच्याकडे सबळ कारण असते. मुंबईतल्या झोपडीधारकाचे पुनर्वसन बहुतांशी तारखेवर ठरते. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असणाऱ्यांना मोफत घर आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना शुल्क भरून घर, ही विभागणी वस्तीतल्या प्रत्येकाला पाठ असते. हातात कागद घेऊन गल्लीत फिरणारा अनोळखी माणूस म्हणजे पात्र-अपात्र ठरवणारा सर्वेक्षक, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे.

म्हणून वस्तीतल्या कोणाच्याही सोबतीशिवाय तिथे जाऊ नये, असा आमचा आग्रह असतो. महिला बचत गट, वस्तीतील शिक्षिका, आरोग्यसेविका किंवा मंडळाचे कार्यकर्ते यांच्याशी आधी बोलावे, काय नोंदवले जाईल ते दाखवावे आणि काय नोंदवले जाणार नाही हेही स्पष्ट सांगावे. घरमालकाचे नाव, कुटुंबातील माणसे, भाडेकरू, धर्म, जात, पाण्याची किंवा विजेची जोडणी अधिकृत आहे की नाही, यांतले काहीही या नकाशावर जात नाही. गल्ली, पायऱ्या, शौचालय, नळकोंडाळे, अंगणवाडी, दवाखाना, कचरा टाकण्याची जागा आणि वाहन कुठवर येऊ शकते, एवढे पुरेसे आहे.

नैरोबीतल्या किबेरा या मोठ्या वस्तीचा नकाशा २००९ मध्ये तिथल्याच तरुणांनी काढला. त्याआधी अधिकृत नकाशांवर ती वस्ती जवळपास कोरी होती. त्या कामाचा धडा आम्ही घेतला आहे : वस्तीतल्या माणसाने काढलेला नकाशा अधिक अचूक असतो आणि पुढे तो अद्ययावतही राहतो, कारण गल्ली बदलली की ते त्यालाच सगळ्यांत आधी कळते. बाहेरच्यांनी शिकवावे आणि बाजूला व्हावे. वस्तीने नकाशाला नकार दिला, तर तो नकार मान्य करावा.

रस्त्याचे खरे नाव कोणते लिहावे? पाटीवरचे की लोक म्हणतात ते?

मुंबईच्या नकाशात सर्वाधिक संपादने आणि सर्वाधिक कुरबुरी नावांवरून होतात. प्रकल्पाचा मूळ नियम असा आहे की जागेवर जे दिसते आणि जे वापरात आहे, ते नोंदवावे. पाटीवर 'ना. म. जोशी मार्ग' आहे आणि लोक डिलाईल रोड म्हणतात. पाटीवर 'सेनापती बापट मार्ग' आहे आणि टॅक्सीवाल्याला तुळशी पाईप रोडच कळतो. लॅमिंग्टन रोडचे अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, हे तिथे इलेक्ट्रॉनिक्सचे सामान घ्यायला येणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल? सुदैवाने एकाच रस्त्याला अनेक नावे जोडता येतात. पाटीवरचे नाव मुख्य 'नेम' या टॅगमध्ये जाते. लोकांच्या तोंडी आजही असलेले नाव 'ऑल्ट नेम'मध्ये आणि वापरातून गेलेले नाव 'ओल्ड नेम'मध्ये जाते. शोधणाऱ्याला यांपैकी कोणत्याही नावाने रस्ता सापडू शकतो, तेव्हा मुख्य नाव पुसून तिथे आपले आवडते नाव लिहिण्याची काहीही गरज नसते.

रेल्वे स्थानकांनाही हाच नियम लागू आहे. एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी हे नाव २०१८ मध्ये लागू झाले, फलक बदलले आणि नकाशाही बदलला. २०२४ मध्ये राज्य विधिमंडळाने करी रोडचे लालबाग, चर्नी रोडचे गिरगाव, सँडहर्स्ट रोडचे डोंगरी अशी नावे बदलण्याचा ठराव केला, तेव्हा काही उत्साही मंडळींनी नकाशावर ती तत्काळ बदलायला हवीत असा आग्रह धरला. ठराव झाल्यावर केंद्राची मंजुरी आणि रेल्वेची कार्यवाही हे टप्पे असतात. फलाटावरचा फलक बदलेपर्यंत थांबावे, हेच योग्य. फोर्टातल्या प्रवाशाला फलाटावर जे वाचायला मिळणार नाही, ते नकाशाने सांगून उपयोग नाही.

मराठी नावांसाठी 'नेम:एमआर' हा स्वतंत्र टॅग आहे आणि मराठी वाचकांनी हातभार लावावा अशी मोठी जागा हीच आहे. भारतात मुख्य नाव बहुतेक ठिकाणी रोमन लिपीत असते. त्यावरून यंत्राने लिप्यंतर केले की शीवचे 'सिऑन', भायखळ्याचे 'बायकुला', शिवडीचे 'सेवरी' आणि वरळीचे 'वोर्ली' होते. अशी नावे कोणीतरी एकगठ्ठा टाकून दिलेली आढळली, तर ती एकेक तपासून दुरुस्त करावीत. स्थानकाच्या मराठी फलकावर, पालिकेच्या निळ्या पाटीवर किंवा शाळेच्या नामफलकावर जसे लिहिले आहे तसेच घ्यावे. ज्या दुकानाला मराठी फलक नाही, त्याचे नाव स्वतःच्या मनाने भाषांतरित करून लिहू नये.

कोळीवाडे आणि गावठाणांच्या सीमा काढाव्यात का?

नाव आणि जागा अवश्य नोंदवावी. वरळी, माहीम, शीव, वर्सोवा, मढ येथील कोळीवाडे, वांद्र्याचे रानवार, गिरगावची खोताची वाडी, माझगावचे म्हातारपाखाडी ही सगळी नावे नकाशावर असायलाच हवीत. मासळी सुकवण्याची जागा, होड्या ओढण्याचा उतार, विहीर, क्रॉस, देऊळ, गल्लीतल्या पायऱ्या हेही घालावे. सीमारेषा मात्र काढू नये. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न जमिनीच्या हक्काशी आणि पुनर्विकासाशी जोडलेला आहे. आपण सहज ओढलेली रेषा उद्या कोणी पुरावा म्हणून पुढे करू शकतो.

पूल, स्कायवॉक आणि मेट्रो एकावर एक आहेत. ते कसे दाखवायचे?

दादर किंवा अंधेरी स्थानकाजवळ जमिनीवर रस्ता, त्यावर पादचारी पूल, त्याला जोडलेला स्कायवॉक आणि कुठे कुठे त्याच्याही वर मेट्रो, अशी रचना असते. सपाट नकाशात या सगळ्या रेषा एकमेकींना छेदतात. म्हणून प्रत्येक पुलाला 'लेयर' या टॅगने थर देतात आणि सामाईक बिंदू फक्त तिथेच ठेवतात, जिथे माणूस किंवा वाहन खरोखर एका मार्गावरून दुसऱ्यावर जाऊ शकते. सामाईक बिंदू म्हणजे जोड, हे सूत्र ज्याला कळले त्याला मुंबईचे निम्मे काम कळले.

अंधेरीचा गोखले पूल हे याचे उत्तम उदाहरण आहे. धोकादायक ठरल्याने तो नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याच्यापेक्षा खालच्या पातळीवर राहिल्याचे सर्व शहराने पाहिले. वरून पाहता दोन्ही पूल एकमेकांना भिडलेले होते, पण वाहन एकावरून दुसऱ्यावर जाऊ शकत नव्हते. चित्रावरून काम करणाऱ्याने तिथे निश्चित जोड दिला असता आणि अ‍ॅपने वाहने तिकडे वळवली असती. पातळी उचलून जोडणी झाल्यानंतरच नकाशावर जोड देणे योग्य होते. बंद पडलेले किंवा पाडलेले पूलही तितक्याच तत्परतेने नोंदवावे लागतात.

पादचारी पुलांना पायऱ्या किती, सरकता जिना आहे का, लिफ्ट चालू असते का, तिकीट लागते का, हे तपशील जरूर भरावेत. गर्दीच्या वेळी ज्येष्ठ नागरिकाला कोणत्या टोकाने चढावे हे सांगणारा नकाशा त्यातूनच होतो.

पाणी तुंबण्याची ठिकाणे नोंदवता येतात का?

आज पाणी तुंबले आहे, ही बातमी नकाशावर जात नाही. ओपनस्ट्रीटमॅप कायमस्वरूपी वस्तुस्थितीसाठी आहे. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे यांसारखी दर पावसाळ्यात भरणारी ठिकाणे वेगळ्या थरात दाखवावीत. 'यूमॅप'सारख्या साधनाने ओपनस्ट्रीटमॅपच्या पायावर असा थर तासाभरात तयार होतो आणि तो दरवर्षी बदलता येतो.

मूळ नकाशात खरी गरज पाण्याच्या वाटांची आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदी काठच्या वस्त्यांत शिरली तेव्हा मुंबईत नदी आहे हे अनेकांना नव्याने कळले. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून ती माहीमच्या खाडीला मिळते. दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या बाकीच्या नद्यांचीही अशीच ओळख हरवलेली आहे. उघडे नाले, रस्त्याखालून जाणारे मोऱ्यांचे भाग, झाकलेले प्रवाह आणि पाणी उपसणारी उदंचन केंद्रे नोंदवली, तर पाणी कोणत्या बाजूला आणि कुठे अडेल याचा अंदाज बांधता येतो. नाला नेहमी पाणी वाहते त्या दिशेने काढावा, आणि रस्त्याखाली गेला की तेवढ्या तुकड्याला 'कल्व्हर्ट' (मोरी) हा टॅग लावून रेषा सलग ठेवावी. ही रेषा पुष्कळदा रस्त्याशी येऊन तुटते, आणि पुढचा अभ्यास करणाऱ्याचे पाणी तिथेच अडते.

पत्ते कसे भरावेत?

मुंबईत घर क्रमांकापेक्षा 'अमुक शाळेच्या मागे, तमुक बँकेसमोर' हाच खरा पत्ता असतो. पत्त्याच्या रकान्यांत इमारतीचे नाव, विंग, रस्ता आणि पिनकोड भरावा. खुणेचे ठिकाण पत्त्यात लिहिण्याऐवजी ते ठिकाणच, म्हणजे ती शाळा आणि ती बँक, स्वतंत्रपणे नोंदवावे.

महापालिकेचे वॉर्ड दोन प्रकारचे दिसतात. कोणते घ्यायचे?

ए पासून टी पर्यंत अक्षरांनी ओळखले जाणारे प्रशासकीय विभाग वेगळे आणि नगरसेवक निवडण्याचे २२७ प्रभाग वेगळे. कचरा, पाणी, परवाने यांची कामे पहिल्यांकडे असतात. निवडणूक प्रभागांच्या सीमा फेररचनेत बदलतात आणि त्या जमिनीवर कुठेही दिसत नाहीत, म्हणून त्या मूळ नकाशात घालण्यापेक्षा स्वतंत्र फाइलमध्ये ठेवलेल्या बऱ्या.

कोणत्या स्रोतांवरून माहिती घेता येत नाही?

गुगल किंवा इतर कोणत्याही व्यापारी नकाशावरून नाव, रस्ता, दुकानाची वेळ यांपैकी काहीही उतरवू नये; फक्त खात्री करून घेण्यासाठीसुद्धा नाही. त्यांचे रस्त्यावरचे फोटो पाहून पाटी वाचणेही यातच येते. छापील मार्गदर्शिका आणि पालिकेचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा यांनाही हेच लागू आहे, कारण सरकारी कागद सर्वांना पाहता येतो म्हणून तो मुक्त परवान्याखाली येतोच असे नाही. आराखड्यात तर आणखी एक धोका आहे : त्यात आखलेला रस्ता प्रत्यक्षात झालेला नसू शकतो.

स्वतःची स्मरणशक्ती, स्वतः काढलेले फोटो, स्थानिकांनी तोंडी दिलेली माहिती आणि संपादकात उपलब्ध करून दिलेली उपग्रहचित्रे हे सर्व चालते.

हे कायदेशीर आहे का?

केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशासाठी पूर्वपरवानगीची अट काढून टाकली. एक मीटर क्षैतिज आणि तीन मीटर उभ्या अचूकतेपेक्षा सूक्ष्म माहिती गोळा करणे भारतीयांपुरते मर्यादित आहे. फोनवर चालणारे आपले काम त्याहून पुष्कळ ढोबळ असते. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणानेही दिशा तीच ठेवली आहे.

संयम मात्र पाळावा लागतो. काही संवेदनशील गुणधर्म नकाशावरील जागेशी जोडण्यास मनाई आहे. नौदलाची गोदी, नेव्ही नगर आणि तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्या कुंपणाच्या आत काय आहे, हे नोंदवण्याच्या फंदात पडू नये आणि छायाचित्रणास मनाई असल्याचा फलक दिसला की फोन खिशात ठेवावा. संपूर्ण भारताचा नकाशा छापणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : देशाची बाह्य सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी विसंगत दाखवणे १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमानुसार गुन्हा आहे आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या मूळ चित्रातील सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणे नसते. शहराच्या नकाशाला हा प्रश्न येत नाही.

कोणी मुद्दाम खोटे लिहिले तर?

प्रत्येक संपादन खात्याच्या नावासह आणि वेळेसह कायम जपले जाते, त्यामुळे खोडसाळपणा मागे फिरवणे सोपे आहे. आधी संबंधिताला त्या संपादनाखाली सौम्य शब्दांत विचारावे. बहुतेक वेळा तो नवखा निघतो.

इमारत पाडली, तिथे टॉवर आला. जुनी नोंद ठेवावी का?

नाही. या नकाशावर आज जे उभे आहे तेवढेच राहते. गिरणगावात हे जड जाते. जिथे भोंगा वाजत होता त्या गिरणीची रेषा आपल्या हाताने पुसून तिथे मॉलची रेषा काढावी लागते. गिरण्या, जुन्या चाळी, भरावाखाली गेलेल्या खाड्या यांच्यासाठी 'ओपनहिस्टॉरिकलमॅप' हा स्वतंत्र प्रकल्प आहे आणि तिथे प्रत्येक वस्तूला आरंभ आणि अंताचे वर्ष देता येते. बी. डी. डी. चाळींच्या जागी पुनर्विकासाच्या इमारती उभ्या राहत असताना हे काम आताच करण्यासारखे आहे. चिमणी किंवा दरवाजा शिल्लक असेल, तर तो मात्र मूळ नकाशात दाखवावा.

मी भरलेली माहिती कुठे दिसते?

मूळ संकेतस्थळावर ती काही मिनिटांत दिसू लागते. 'ओस्मअँड' आणि 'ऑर्गॅनिक मॅप्स' ही अ‍ॅप नकाशा फोनमध्ये उतरवून इंटरनेटशिवाय चालतात. त्यांच्यात नवी माहिती पुढच्या आवृत्तीबरोबर येते. विकिपीडियाच्या लेखांतील नकाशेही याच माहितीवर चालतात. हैतीतील २०१० च्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काही दिवसांत काढून दिले होते आणि मदत पथकांनी ते वापरले. आपत्ती येण्याआधी नकाशा तयार असणे अर्थातच अधिक चांगले.

स्वतः संपादन करायला वेळ नाही, पण चूक दिसली आहे. काय करावे?

संकेतस्थळाच्या उजव्या बाजूला 'नोट' टाकण्याची सोय आहे. योग्य जागी खूण ठेवून चूक काय आहे आणि ती आपल्याला कशी कळली, हे लिहावे. 'हे चुकीचे आहे' एवढ्याने काम होत नाही. 'हा जिना पूर्वेकडे उतरतो, पश्चिमेकडचा जिना दुरुस्तीसाठी बंद आहे, आज सकाळी पाहिले' असे लिहिले, तर दुसरा कोणी तिथे न जाताही दुरुस्ती करू शकतो. नोट मराठीत लिहिली तरी चालते.